सीएल-९ (कर्नाटकातलं बार अँड रेस्टॉरंटचं दारूचं लायसन्स) आहे, बाजूच्या लॉनवर टेबलं टाकायची आहेत, लायसन्समध्ये बदल कसा करून घ्यायचा?

लॉनवाला_खानापूर_रोड

नमस्कार मंडळी. बेळगाव, खानापूर, निपाणी बाजूला कुणाचं बार अँड रेस्टॉरंट असेल तर जरा सांगा, कारण इथं दहा माणसं दहा गोष्टी सांगायलेत आणि डोकं फिरायची वेळ आलीय.

आमचं हॉटेल खानापूर रोडवरनं थोडं आत, ग्रामपंचायत हद्दीत. लायसन्स सीएल-९, आधी काकांच्या नावावर होतं, ते गेल्यावर वारसा लावून चुलतभावाच्या नावावर झालंय, धंदा आम्ही दोघं मिळून बघतो. आत हॉल आहे आणि कडेला फॅमिलीसाठी केबिन. हॉटेलच्या भिंतीला लागून जो प्लॉट आहे तो मी नंतर घेतला, माझ्या नावावर आहे, तिथं लॉन केलंय, लाइटी सोडल्यात, अर्ध्या भागावर पत्र्याचं शेडपण मारलंय पावसासाठी. कोरोना झाल्यापासनं गिऱ्हाईक दारातच विचारतंय, बाहेर बसायला जागा हाय काय म्हणून, डिसेंबरात बेळगावात विधानसभेचं अधिवेशन असलं की बेंगळूरची माणसं येतात ती तर आत पायच टाकत नाहीत.

सध्या लॉनवर फक्त जेवण देतोय. पण तुम्हाला माहीतच आहे, माणूस आत पेग भरून घेतो आणि ग्लास घेऊन बाहेर येऊन बसतो, त्याला काय सांगणार. परवा अबकारीच्या रेंज ऑफिसचे इन्स्पेक्टर आले, लॉन बघितलं आणि जाताना एवढंच म्हणाले की हे तुमच्या ब्लू प्रिंटमध्ये (लायसन्सच्या मंजूर नकाशात) नाही, बघून घ्या. लेखी काय दिलं नाही. एक एजंट म्हणतो लॉनसाठी दुसरं लायसन्सच काढायला लागतंय आणि तोंडाला येईल तो आकडा सांगतोय, दुसरा म्हणतो काय लागत नाही, हॉटेल एकच की. तिसऱ्यानं सांगितलं सीएल-७, म्हणजे लॉजिंगवालं लायसन्स, करून घ्या म्हणजे सगळंच मोकळं.

अजून एक, मागच्या गल्लीकडून लॉनला दुसरं गेट काढायचा विचार आहे, गाड्या तिकडनं आत घेता येतील. त्या गल्लीत मारुतीचं देऊळ आणि मराठी शाळा आहे, तशी लांबच आहे. कुणी हे सगळं करून घेतलंय काय? कुठनं सुरू करायचं?

जुना_सीएल_नऊवाला

निपाणीहून लिहितोय, आमचं वडिलांपासनं सीएल-९ आहे म्हणून सांगतो.

पहिलं काम म्हणजे ते ग्लास बाहेर जायचं आजपासून बंद कर. इन्स्पेक्टरनं तोंडी सांगितलं म्हणजे तुला वेळ दिलाय असं समज. पुढच्या वेळी येतील ते महजर (पंचनामा) करायलाच येतील, आणि लॉनवर एक जरी टेबल ग्लाससकट सापडलं तर केस तुझ्यावर नाही, चुलतभावावर पडणार, कारण सन्नद, म्हणजे लायसन्स, त्याच्या नावावर. नंतर घरात बोलणी कुणाला खायची ते तू बघ.

आता मुद्द्याचं. लायसन्स हॉटेलच्या बोर्डाला नसतं रे, ते त्या मंजूर ब्लू प्रिंटला असतं. त्यात चारी बाजूच्या हद्दी लिहिलेल्या असतात, पूर्वेला काय, पश्चिमेला काय, हॉल किती बाय किती, काउंटर कुठं, स्टॉक रूम कुठं, दार कुठं. त्या रेघेच्या आत विकायचं आणि आतच प्यायला द्यायचं. लॉन रेघेच्या बाहेर आहे, मग तुझ्या मालकीचं असो नाहीतर तुझ्या आजोबांच्या.

दुसरं लायसन्स काढायला लागतंय म्हणणाऱ्या एजंटाला चहा पाजून वाटेला लाव. नवीन सीएल-९ सहजासहजी मिळत नाही, म्हणून तर जुन्या लायसन्सना एवढा भाव आहे, मग हा तुला दुसरं कुठनं आणून देणार? तुला पाहिजे ते म्हणजे आहे त्याच लायसन्सची ब्लू प्रिंट बदलून घेणं, लॉन आत घेऊन. अर्ज चुलतभावाच्या सहीनं, रेंज ऑफिसमार्फत जातो, इन्स्पेक्टर जागेवर येऊन माप घेऊन महजर करतात, तिथनं डेप्युटी सुपरिंटेंडंटकडं आणि मग जिल्ह्याच्या अबकारी डीसींकडं (डेप्युटी कमिशनर). मंजुरीचा शिक्का नव्या नकाशावर पडल्याशिवाय लॉनवर बाटली उघडायची नाही, अर्ज दिलाय म्हणून चालू केलं हे कुणी ऐकून घेत नाही.

आणि सीएल-७ चं डोक्यातनं काढ. ते लॉजिंगवाल्यांचं आहे, त्याला ठरलेल्या संख्येच्या रूम लागतात. तुझ्याकडं केबिन आहेत, खाटा नाहीत.

चंदगडकर

एवढी भानगड कशाला? आमच्या शिनोळी बाजूला परमिट रूमवाल्यांनी बाहेर गार्डन केलंय, एफएल-३ च्या (महाराष्ट्रातलं परमिट रूमचं लायसन्स) नकाशात जागा वाढवून घेतली, कोल्हापूरला उत्पादन शुल्कच्या ऑफिसात पैसे भरले, विषय संपला. मार्चच्या आत रिन्यूअलसोबत करून टाका.

जुना_सीएल_नऊवाला

@चंदगडकर दादा, तुमचं मार्च इकडं चालत नाही. आमचं अबकारी वर्ष १ जुलै ते ३० जून. कायदा वेगळा, नियम वेगळे, माल घ्यायचा डेपोसुद्धा वेगळा. शिनोळीत आणि आमच्यात रस्ता एकच आहे पण मध्ये राज्य बदलतंय, हे इथल्या माणसाला कोण सांगायचं.

चंदगडकर

होय की, ते राहिलंच 😄

नकाशेवाला_टिळकवाडी

मी सिव्हिलचा माणूस, हॉटेलवाल्यांचे असले नकाशे काढून देतो, त्यामुळं जरा लांबडं लावतोय, सांभाळून घ्या.

ते मागचं गेट. लॉनवाले साहेब, तुमच्या पोस्टमधली सगळ्यात धोक्याची ओळ तीच आहे आणि तुम्ही ती शेवटी जाता जाता लिहिलीय. कर्नाटकात देऊळ, शाळा, दवाखाना, सरकारी ऑफिस यांच्यापासून १०० मीटरच्या आत दारूचं दुकान चालत नाही, हे सगळ्यांना पाठ आहे. पण ते १०० मीटर कुठनं कुठवर मोजायचे हे कुणी वाचत नाही. पक्षी उडतो तसं सरळ रेषेत मोजत नाहीत. तुमच्या प्रवेशदाराच्या मध्यापासून, माणूस रोज चालत जाईल त्या जवळच्या वाटेनं, समोरच्या संस्थेच्या जवळच्या गेटच्या मध्यापर्यंत. कंपाउंड नसेल तर इमारतीच्या दारापर्यंत. आता विचार करा, आज तुमचं दार खानापूर रोडच्या बाजूला आहे, तिथनं चालत फिरून शाळेच्या गेटला जायचं म्हटलं तर आरामात १०० च्या वर भरत असणार. मागच्या गल्लीत गेट काढलं की ते तुमचं दार झालं, मग टेप तिथनं लागणार. म्हणजे गाड्यांची सोय बघताना चालू लायसन्स स्वतःच अडचणीत आणायचं. मागं भिंत घाला, सलग, पुरुषभर उंचीची, आणि नकाशात ती भिंत ठळक दाखवा. लॉनला यायची वाट हॉटेलच्या मूळ दारातनं किंवा हॉलमधनंच ठेवा. महजरला आलेला माणूस पहिलं हेच बघतो की गिऱ्हाईक कुठनं आत येतंय.

दुसरं, प्लॉट. उतारा काढून बघा, तो एनए (बिगरशेती) आहे काय? तुम्ही लिहिलंय नंतर घेतला, म्हणजे हॉटेलच्या जागेचं एनए झालं तेव्हा हा त्यात नव्हता. हिस्सा नंबर वेगळा असेल तर लॉन कायद्यानं अजून शेतजमीनच आहे, वर हिरवळ असली तरी. आधी बिगरशेती करून घ्यायला लागेल, तीपण व्यापारी वापरासाठी, राहण्यासाठी केलेलं एनए इथं चालत नाही. बुडाच्या (बेळगावचं नगरविकास प्राधिकरण) हद्दीत येत असाल तर तिकडची परवानगीपण आली. मी एक फाइल बघितलीय जी फक्त एवढ्यावर अडकून बसली, बाकी सगळं सरळ होतं.

तिसरं, प्लॉट तुमच्या नावावर आणि लायसन्स भावाच्या. मग त्याला ती जागा तुम्ही दिलीय असा रजिस्टर्ड भाडेकरार पाहिजे. घरचंच आहे, कागद कशाला म्हणून सोडून देऊ नका.

आणि बांधकाम परवान्यात मोकळी जागा म्हणून जी पार्किंग आणि सेटबॅक (हद्दीपासून मोकळी सोडायची पट्टी) दाखवलेली असते ती टेबलांत खाऊन टाकू नका. पत्र्याचं शेडपण परवान्यात दाखवायला लागतं. लॉन दाखवलं आणि पार्किंग गायब झाली तर पंचायतीतनं पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) एनओसी द्यायचे नाहीत.

नकाशात काय दाखवायचं ते सांगतो, जुना भाग एका रंगात, नवा भाग दुसऱ्या रंगात, दोन्ही एकाच कंपाउंडात सलग आहेत हे दिसलं पाहिजे. मध्ये गल्ली, बोळ, दुसऱ्याची पट्टी असलं काय आलं तर ती एक जागा धरत नाहीत. काउंटर आतच ठेवा, लॉनवर वेगळा काउंटर दाखवला की प्रश्न वाढतात. वेटर आतनं घेऊन बाहेर नेतो, असं सरळ ठेवा.

लॉनवाला_खानापूर_रोड

बापरे. गेटचं डोक्यातच आलं नव्हतं, बरं झालं अजून भिंत फोडली नाही, गवंडी सोमवारी येणार होता.

@नकाशेवाला_टिळकवाडी एनए हॉटेलच्या जागेचंच आहे, लॉनचा हिस्सा वेगळा आहे, म्हणजे तिथनंच सुरुवात करायला लागणार. एक विचारायचं राहिलं, लॉन हॉटेलच्या हायवेकडच्या बाजूला आहे. हॉटेल आत आहे पण लॉनचं टोक रस्त्याच्या बरंच जवळ येतंय. २०१७ ला हायवेच्या त्या निकालानं आमचं काही महिने बंद पडलेलं, त्या भीतीनं विचारतोय.

कोर्टकट्टा

ही भीती बरोबर आहे, आणि वर कुणी हात लावला नाही म्हणून मी लिहितो.

डिसेंबर २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टानं राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांच्या बाहेरच्या कडेपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको म्हणून सांगितलं. ३१ मार्च २०१७ ला त्यात दुरुस्ती केली, ज्या स्थानिक संस्थेची लोकसंख्या २० हजार किंवा त्याहून कमी तिथं ५०० च्या जागी २२० मीटर. त्याच वर्षी जुलैमध्ये नगरपालिका हद्दीतल्या परवान्यांना तो आदेश लागू नाही असं स्पष्ट झालं, म्हणून बेळगाव शहरातल्यांचा जीव भांड्यात पडला. ग्रामपंचायतींचं काय हे फेब्रुवारी २०१८ मध्ये राज्यांवर सोडलं, कुठला भाग शहरासारखा वाढलाय ते राज्यानं बघून ठरवायचं.

तर तुमचा परवाना यातल्या कुठल्या आधारावर परत चालू झाला ते जुन्या फाइलमधनं शोधून काढा, त्यावर सगळं अवलंबून आहे. गाव वाढलंय म्हणून सूट मिळाली असेल तर लॉन हायवेकडं आलं तरी फार फरक पडू नये. पण हॉटेल मोजून २२० च्या बाहेर आहे म्हणून चालू झालं असेल, तर मग परवान्याची हद्द रस्त्याकडं सरकवायला तुम्ही स्वतःच अर्ज करणार, आणि मोजणी नव्यानं होणार. अशा वेळी लॉनचा पुढचा तुकडा नकाशातनं वगळा, फक्त मागचा घ्या. पुढं झाडं लावा, तिथं चहा-भजी द्या, काय हरकत नाही. लोभ करून पूर्ण लॉन दाखवलं तर आहे तेही मोजमापात अडकतंय.

इथं खानापूर रोडचं म्हणजे गोव्याला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ७४८ धरतात, मोजताना सर्व्हिस रोड झालेला असेल तर त्याचीही कड बघतात, ते लक्षात ठेवा.

परवानगी नसताना लॉनवर दारू दिली तर काय, असं विचारणार असाल तर, सार्वजनिक जागी पिण्याबद्दल कर्नाटक अबकारी कायद्याचं कलम १५अ आहे, ढाब्यांवर रेड पडते तेव्हा पेपरात हेच वाचता. आणि परवानाधारकाला कलम २९ जास्त दुखतं, अटी मोडल्या म्हणून परवाना निलंबित किंवा रद्द करायचा अधिकार त्यात आहे. दंड भरून सुटता येतं, निलंबनात सीझन जातो.

उचगावचा_पोरगा

वरचं सगळं कागदाचं झालं, मी चालवणाऱ्याचं सांगतो, दाजींचं असंच लॉन आहे तिथं मी बसतो संध्याकाळी.

लॉन झालं की माणसं गाडीतनं बाटली काढूलालेत, हे धरूनच चला. आणि आपल्याकडं ती बाटली कुठली असणार, गोव्याची. चोर्ल्याच्या घाटातनं येतात, कणकुंबीच्या चेकपोस्टला कशीतरी चुकवून आणलेली असते, इथं येऊन सोडा आणि चिकन सिक्स्टीफाइव्ह मागवतात आणि टेबलाखाली ओतून घेतात. आत हॉलमध्ये असलं कुणी करत नाही, दिव्याखाली बसलेलं असतंय. लॉनवर कोपऱ्यात अंधार असला की झालं. त्या टेबलावर गोव्याची बाटली सापडली तर तो म्हणणार मला काय माहीत, आणि तुमच्या जागेत कर्नाटकात न विकायचा माल मिळाला म्हणून तुम्ही उत्तर द्यायचं. आमच्यात दाजींनी प्रत्येक टेबलावर लाइट खाली सोडलीय आणि वेटरला सांगून ठेवलंय, आपल्या बिलावर नसलेली बाटली दिसली की सरळ उचलून गाडीत ठेवायला सांगायचं, भांडला तर भांडला. रिकामी बाटलीसुद्धा कचऱ्यात राहू द्यायची नाही.

दुसरं म्हणजे गाणी. बाहेर स्पीकर लावला की गावातनं फोन जातोच, रात्री १० नंतर उघड्यावर लावायचाच नाही. अबकारीचं काय नसतंय त्यात, पोलीस येतात, पण पोलीस आले की सगळंच बघतात.

फॅमिली आणि पिणारे एकाच लॉनवर बसवू नका, मध्ये मेंदीचं कुंपण तरी घाला. पोरंसोरं कॉलेजची असतात, २१ च्या आतल्याला द्यायचं नाही, बाहेर बसलं की वय बघायला वेटर विसरतोय.

चंदगडकर

@उचगावचा_पोरगा ते सिक्स्टीफाइव्ह आणि सोडावालं एकदम खरं. आमच्या बाजूलाही तेच 😄

बरं मला एक शंका, त्यांचं मंजूर होईपर्यंत लॉनवर कुणाचं लग्नाचं रिसेप्शन, पार्टी आली तर? तेवढ्यापुरतं काय मिळतं का कर्नाटकात?

जुना_सीएल_नऊवाला

मिळतंय, सीएल-५. एका कार्यक्रमापुरतं, तारीख आणि जागा लिहिलेलं. पण दोन गोष्टी. एक, ते ज्याचा कार्यक्रम त्याच्या नावानं काढलेलं बरं, हॉटेलवाल्यानं दर शनिवारी सीएल-५ काढून लॉन चालवायचं म्हटलं तर ऑफिसात बसलेली माणसं काय खुळी नाहीत. दोन, त्या दिवशीची दारू पण इथल्याच लायसन्सच्या दुकानातनं बिल करून घेतलेली पाहिजे. नवरदेवाचा मामा गोव्यातनं कार भरून आणतो ते त्यात बसत नाही.

लॉनवाला_खानापूर_रोड

सगळ्यांचे आभार. जुनी फाइल काढली भावानं, २०१७ ची मोजणीच सापडली त्यात. २२० च्या बाहेर म्हणूनच चालू झालेलं आमचं. म्हणजे कोर्टकट्टा साहेब म्हणतात तसं पुढचा अर्धा भाग सोडायला लागणार, पत्र्याचं शेड नेमकं पुढंच आहे, ते उचलून मागं न्यायला लागणार. चालतंय, नट-बोल्टचं आहे.

अर्ज इंग्लिशमध्ये दिला तर चालतो काय? आम्हा दोघांचं कन्नड बोलण्यापुरतं आहे, लिहायचं म्हटलं की अंगावर येतंय.

नकाशेवाला_टिळकवाडी

अर्ज कन्नडमध्येच द्या. इंग्लिश घेत नाहीत असं नाही, पण फाइलवर खालपासून वरपर्यंत टिपणी कन्नडमध्ये चढत जाते, मूळ अर्ज कन्नडमध्ये असला की क्लार्कला तुमचं म्हणणं आपल्या शब्दांत परत लिहायला लागत नाही, आणि परत लिहिताना लॉनचं काय होतं ते मी बघितलंय, एका फाइलीत त्याचं शेत झालेलं. कोर्टाजवळ टायपिंगवाले बसतात, मजकूर त्यांना मराठीत सांगा, ते बरोबर करून देतात. हिस्सा नंबर, चतुःसीमा आणि लांबी-रुंदी मात्र समोर बसून उताऱ्यावरनं ताडून घ्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसकट पोच घ्या.

क्रम असा ठेवा: एनए आधी, मग पंचायतीचा परवाना दुरुस्त, मग भावाच्या नावानं भाडेकरार, मग मी सांगितल्यासारखा नकाशा, आणि शेवटी अबकारीचा अर्ज. उलटं केलं की प्रत्येक टेबलावरनं परत येतं. एनएलाच वेळ जाणार, त्यामुळं या जूनच्या रिन्यूअलला जुन्याच ब्लू प्रिंटवर फी भरून टाका, लॉनच्या नादात रिन्यूअल लांबवू नका.

जुना_सीएल_नऊवाला

रिन्यूअलचं बरोबर बोलला. आणि शेड हलवणारच आहेस तर बोर्डपण बघून घे, ६० टक्के कन्नड लागतंय आता. महजरला आले की फोटो समोरूनच काढतात, लॉन मागं असलं तरी.

लॉनवाला_खानापूर_रोड

बोर्ड गेल्या वर्षीच बदललाय. गवंड्याला आत्ताच फोन करून सांगितलं, गेट नको, त्याच विटांत मागची भिंत वाढव म्हणून. तो म्हणतोय मग जास्तीची वीट लागेल. लागू दे म्हटलं.